उंदीर मेला, पिसवा राहिल्या: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात माळ्यावर वास सुटला. शोधलं तर गव्हाच्या कोठीमागे मेलेला उंदीर. आठवड्यापूर्वी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या, म्हणून काम फत्ते झालं असं वाटलं. पण चार दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या. पांढरे मोजे घालून माळ्यावर दोन मिनिटं उभा राहिलो, तर मोज्यांवर तिळापेक्षा लहान तपकिरी ठिपके. बोट नेलं की टुणकन उडायचे.

चूक आमचीच होती. उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम रक्त शोधतात. जवळ दुसरा उंदीर नसला तर माणूस चालतो. म्हणून आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या रोजच्या वाटेवर पिसवा मारणारी पावडर टाका, विष नंतर. मेलेला उंदीर शेपटीला धरून नेऊ नका. आधी त्याच्यावर किडे मारण्याचा स्प्रे मारा, थोडं थांबा, मग हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटांनी पुसून घ्या.

1896 साली मुंबईत प्लेग आला. तो पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. पण घरात उंदीर पडू लागले की माणसांची पाळी येते, हे आपल्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. गाव सोडून ते रानात झोपड्या घालून राहायचे. आजही विष घातलेलं नसताना एकापाठोपाठ उंदीर मरून पडले, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा.

आता आपल्याकडची खास चूक. निफाड-दिंडोरीकडे नातलगांची द्राक्षबाग असते, तिथलं उरलेलं कीटकनाशक बाटलीत भरून घरी आणायचं आणि फवारायचं. कृपा करून हे करू नका. ते उघड्या शेतासाठी असतं. जिथं मूल रांगतं त्या बंद खोलीत त्यानं विषबाधा होते. घरात वापरायला परवानगी असलेलंच औषध घ्या.

आणि एकदा फवारून भागत नाही. पिसवांची अंडी फरशीच्या फटीत, गोधडीत, कोपऱ्यातल्या धुळीत पडतात. कोशातल्या पिसवेपर्यंत औषध पोचत नाही आणि ती कित्येक आठवडे तशीच दबा धरून राहते. आम्ही फटींतली धूळ व्हॅक्यूमने ओढली, अंथरुणं गरम पाण्यात धुतली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा औषध मारलं, तेव्हा कुठे खाज थांबली.

पुरळ कमरेला पायजम्याच्या नाडीच्या रेषेत किंवा काखेत असेल, तर पिसवांऐवजी उंदरांवरच्या कोळींचा (माइट, डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा) संशय घ्या. बागायतदारांना लाल कोळी माहीत असते, ही तिचीच आठ पायांची नातलग. उंदराचं घरटं काढून टाकल्याशिवाय ती जात नाही. धान्यातले किडे उंदराच्या लेंड्या खाऊन पट्टकृमीची (आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या जंताची) पिल्लं पोटात बाळगतात, त्यामुळे किडलेलं पीठ चाळून वापरण्यापेक्षा टाकलेलं बरं.

सगळ्यात महागात पडणारी चूक तापाची आहे. पावसाळ्यात गवतात, बांधावर काम केल्यावर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप आला की आपण डेंग्यू म्हणून मोकळे होतो. पण उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक कोळीच्या पिल्लांच्या चाव्यानं स्क्रब टायफस नावाचा तापही असाच येतो. त्याची खूण म्हणजे चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत लपलेली असते. प्रत्येकाला ती उठतेच असंही नाही. म्हणून अंग नीट तपासा, आणि खपली असो-नसो, गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) वेळेवर सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो.