मशरूमने मरणाची भीती जाते म्हणे, मग अशी बातमी वाचायची कशी

आत्याचं कॅन्सरचं निदान झालं त्या महिन्यात चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, मॅजिक मशरूमने ९०% लोकांची मरणाची भीती कमी होते, आणि खाली लिहिलं, "गोव्यात एक ओळखीचा आहे, विचारू का?" तुमच्याकडेही असली लिंक येईल तेव्हा हो किंवा नाही म्हणायच्या आधी एवढं करा.

आधी बघा की विचारलं कोणाला. हा ९०% चा आकडा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांच्या २०२२ च्या ऑनलाइन सर्व्हेतून उचललेला असतो. त्यात ३१९२ लोक होते, २२५९ जणांनी एलएसडी, सायलोसायबिन (मॅजिक मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य) वगैरे घेतलेलं आणि बाकी ९३३ जणांना काहीही न घेता मरणाच्या दारातून परत आल्याचा किंवा तसलाच विलक्षण अनुभव आलेला, आणि गंमत म्हणजे भीती कमी झाली असं दोन्हीकडचे साधारण ९०% लोक म्हणाले. पण असा फॉर्म स्वतःहून भरायला कोण बसतं? नवस फळला तोच फेडायला येतो हो, ज्याचा नाही फळला तो देवळाकडे फिरकत पण नाही.

मग पेशंटवर काय केलं ते शोधा. २०१६ मध्ये दोन ट्रायल आल्या, हॉपकिन्सची ५१ जणांची आणि न्यूयॉर्कची २९ जणांची, सगळे कॅन्सरचे आणि त्यापायी मनाने खचलेले. दिलं ते लॅबमध्ये बनवलेलं सायलोसायबिन, मोजून, कॅप्सूलमध्ये. हॉपकिन्समध्ये सहा महिन्यांनी बघितलं तर साधारण ८०% लोकांचं नैराश्य आणि घालमेल बरीच कमी झालेली, आणि हे खरंच भारी आहे, मी नाकारत नाहीये. फक्त माणसं थोडी, त्यात जवळपास सगळे गोरे, आणि आपल्याला भारी डोस मिळालाय की तुलनेसाठी दिलेलं नावापुरतं काहीतरी हे घेणाऱ्याला थोड्या वेळात कळतंच, त्यामुळे आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती हे वेगळं काढणं अवघड.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि बातमीत नेमकी तीच गाळलेली असते, कॅप्सूलच्या आजूबाजूला काय होतं? आधी कित्येक तास गप्पा, आयुष्यात काय झालं, कशाचं दुःख आहे, मग त्या दिवशी सोफ्यावर आडवं व्हायचं, डोळ्यावर पट्टी, कानात संगीत, आणि दोन शिकलेली माणसं दिवसभर शेजारी बसून, मधेमधे बीपी बघत. हॉपकिन्समध्ये भारी डोसच्या दिवशी साधारण तिघांत एकाचं बीपी चढलं, चौघांत एकाला भीतीने घेरलं. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वगैरे असेल तर ट्रायलमध्ये घेतलंच नाही. यातलं गोव्याच्या ओळखीच्याकडे काय आहे? शिवाय एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात आहेत, म्हणजे आजारी माणसाच्या घरी वर पोलीस. रानातल्या अळंब्यांचं तर बोलूच नका, चुकीची खाल्ली की लिव्हर जातं.

आता यातलं आपल्या हातात काय? गोळी नाही, पण शेजारी बसणं आणि विचारणं आहे. आमच्याकडे "आत्याला सांगू नका" म्हणून फाइल कपाटावर ठेवलेली, आणि आत्याने ती केव्हाच वाचली होती! ट्रीटमेंट चालू असतानाच पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागाची वेळ मागा, मुंबईत टाटाला आहे, तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो असं काही नाही. मन फारच खाली गेलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि "घाबरू नकोस" म्हणायच्या ऐवजी "नेमकी कशाची भीती वाटते गं?" असं विचारा, मग गप्प बसा, हे गप्प बसणं लई अवघड आहे.

मी विचारलं तर आत्या म्हणाली, "मरायचं काय एवढं, रात्री श्वास कोंडला तर तुम्हाला उठवू कशी." आम्ही सगळे मोक्षाबिक्षाच्या गोष्टी करत होतो आणि हिचं हे! डॉक्टरांनी समजावून सांगितलं की धाप लागली तर मॉर्फिनच्या छोट्या डोसने बरं वाटतं, आणि वहिनीने देवघरातली घंटी आणून तिच्या उशाशी ठेवली. त्याच रात्री तीन वाजता घंटी वाजली, सगळे धावत गेलो, तर आत्या म्हणे, "काही नाही, वाजते का बघितलं. उठलाच आहात तर चहा टाका."