तोंडाच्या कॅन्सरची स्लाइड बघताना या चुका टाळा

स्लाइडवर केरॅटिन पर्ल (केरॅटिन या कडक प्रथिनाचा गोल गोळा) दिसला रे दिसला की 'वेल डिफरन्शिएटेड', म्हणजे मूळ पेशींशी बरंच साम्य राखलेला कॅन्सर, असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय बऱ्याच जणांना लागते. निदान बहुतेकदा बरोबरच निघतं म्हणा, कारण तोंडातले नव्वद टक्क्यांहून जास्त कॅन्सर स्क्वॅमसच (अस्तराच्या चपट्या पेशींचे) असतात, पण नुसत्या ग्रेडवर सर्जनचं काम भागत नाही, त्याला डेप्थ, म्हणजे कॅन्सर किती खोल शिरलाय ते, पाहिजे असते. एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या एडिशनपासून टी स्टेजला, म्हणजे मूळ गाठीच्या टप्प्याला, साइझबरोबर डेप्थही धरतात, 5 आणि 10 मिमी या त्याच्या हद्दी. आणि घोळ होतो तो इथेच, लोक ट्यूमरची जाडी मोजतात. डेप्थ मोजायची ती शेजारच्या चांगल्या म्युकोसाच्या (तोंडाच्या आतल्या अस्तराच्या) बेसमेंट मेंब्रेनची, म्हणजे वरच्या पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्याची, लेव्हल पकडून तिथून सरळ खाली. वर फुगलेल्या ट्यूमरमध्ये जाडी जास्त आणि डेप्थ कमी भरते, खोल अल्सर असेल तर बरोबर उलटं.

पण खरी फजिती करतो तो व्हेरूकस कार्सिनोमा, स्क्वॅमसचाच चामखिळीसारखा दिसणारा प्रकार. वर्षानुवर्षं तंबाखू-चुना एकाच गालात धरणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाच्या गालात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पांढरी खरखरीत वाढ दिसते, कोणीतरी वरवरचा तुकडा काढून पाठवतं, आणि स्लाइडवर काय दिसणार, नुसतं केरॅटिन आणि खाली अगदी सभ्य दिसणाऱ्या पेशी! ॲटिपिया, म्हणजे पेशींचा बिघडलेला चेहरामोहरा, जवळपास नाहीच. मग रिपोर्ट जातो 'हायपरकेरॅटोसिस' (नुसता केरॅटिनचा थर जाड झालाय, कॅन्सर नाही) म्हणून आणि पेशंट खुशीत घरी. या कॅन्सरची ओळख पेशींच्या चेहऱ्यावर नाही, तळाशी आहे: जाडजूड, बोथट रेटी पेग्ज (एपिथेलियमची, म्हणजे वरच्या पेशींच्या थराची, खाली उतरणारी बोटं) एकाच लेव्हलला खाली रेटत जातात. तेव्हा तुकडा खोल हवा, आणि शेजारची नॉर्मल कड त्यात आलेलीच हवी. नसेल तर 'असेसमेंटला अपुरा' असं स्पष्ट लिहा आणि परत मागवा, त्यात लाज कसली. आणि हो, ऑपरेशननंतर पूर्ण स्पेसिमेन आलं की दोन-चार सेक्शन घेऊन थांबू नका. निव्वळ व्हेरूकस सहसा मानेच्या गाठींपर्यंत जात नाही, पण त्यात कुठेतरी नेहमीच्या स्क्वॅमसचा कोपरा लपलेला असला तर सगळं गणितच बदलतं.

बाकीचे व्हेरियंटही चकवतात. म्युकोसात स्पिंडल (चातीसारख्या लांबट) पेशी दिसल्या म्हणून लगेच सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर) म्हणू नका, आधी वरच्या एपिथेलियममध्ये डिस्प्लेसिया (कॅन्सरपूर्व बिघाड) शोधा, पी40 आणि केरॅटिन हे एपिथेलियमच्या पेशी ओळखणारे स्टेन लावा, आणि एखादा केरॅटिन निगेटिव्ह आला तरी स्पिंडल सेल कार्सिनोमा नाहीच असं समजू नका. ॲकँथोलिटिक स्क्वॅमसमध्ये पेशी एकमेकींपासून सुटून ग्रंथीसारख्या पोकळ्या तयार होतात, तिथे म्युसिनचा (ग्रंथींतल्या चिकट स्रावाचा) स्टेन लावा, ॲडिनोस्क्वॅमस या दुसऱ्या प्रकारात खऱ्या ग्रंथी आणि म्युसिन मिळतं, ॲकँथोलिटिकमध्ये मिळत नाही. बेसलॉइड स्क्वॅमस तर छोट्या बायोप्सीत ॲडिनॉइड सिस्टिक (लाळग्रंथींचा कॅन्सर) वाटू शकतो.

उलट चूकही होते, म्हणजे नसलेला कॅन्सर देणं. जिभेच्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या बहुतेकदा निरुपद्रवी गाठीवरचं एपिथेलियम कधीकधी एवढं खाली वाढतं की पक्का स्क्वॅमस वाटावा, खालच्या दाणेदार गुलाबी पेशी बघा, त्या पेशी ओळखणारा एस-100 स्टेन लावा. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) तिरका बसला असेल तरी रेटी पेग्जची सुटी बेटं दिसतात, मग तो रीएम्बेड (मेणात पुन्हा सरळ बसवून) करून डीपर कट्स, म्हणजे आणखी खोलचे काप, मागवा.

आणि पी16 (एचपीव्ही विषाणूशी संबंधित कॅन्सर ओळखायचा स्टेन) सवयीने सगळ्यांना लावणं बंद करा, ते टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडच्या कॅन्सरसाठी आहे, गालाच्या आणि जिभेच्या पुढच्या भागातल्या कॅन्सरची स्टेज त्याने हलत नाही.