थिन स्टोरेज पूल भरून बंद पडू नये म्हणून काय करावं

थिन पूल म्हणजे अनेक डिस्कची एकत्र केलेली जागा; ती सर्व्हरना आधी नुसती कबूल केली जाते आणि लिहिलं जाईल तशी खर्च होते. व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधल्या पूलच्या पानावर दोन आकडे असतात. एक, सर्व्हरना कबूल केलेली जागा आणि दुसरा, डिस्कवर खरोखर लिहिलेली. ३६ टीबीच्या पूलमधून ६० टीबीचे लन (सर्व्हरला डिस्कसारखे दिसणारे जागेचे तुकडे) वाटता येतात आणि सॉफ्टवेअर त्याला आडकाठी करत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या आकड्यावर.

सुरुवात ॲरे, म्हणजे डिस्क असलेलं स्टोरेजचं यंत्र, जोडण्यापासून. व्यवस्थापन सॉफ्टवेअर ॲरेशी एसएमआय-एस (वेगवेगळ्या कंपन्यांचं स्टोरेज एकाच पद्धतीने हाताळण्याचं मानक) प्रोव्हायडरमार्फत बोलत असेल, तर त्याचा पत्ता, पोर्ट आणि खातं भरा. एचटीटीपीएससाठी नेहमीचं पोर्ट ५९८९, साध्या एचटीटीपीसाठी ५९८८. ॲरे दिसत नसेल तर आधी फायरवॉल आणि प्रमाणपत्र तपासा. यासाठी वेगळं सर्व्हिस खातं ठेवा. कुणाच्या व्यक्तिगत खात्यावर जोडणी केली, तर त्याचा पासवर्ड बदलला की सॉफ्टवेअरला ॲरेकडून नवे आकडे मिळणं थांबतं.

मग पूल बनवा. एका पूलमध्ये एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या डिस्क घ्या. ४ टीबीच्या १२ डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारी रचना) लावल्या, तर दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीत, म्हणजे हरवलेला डेटा परत मिळवण्याच्या माहितीत जाते आणि ४० टीबी उरतात. स्क्रीनवर मात्र साधारण ३६.४ दिसेल. तिथे टीबी १०२४ च्या पटीत मोजलेला असतो, चोरीला काही गेलेलं नाही. हॉट स्पेअर (डिस्क बिघडली की आपोआप तिची जागा घेणारी राखीव डिस्क) या १२ मध्ये धरू नका, ती वेगळी डिस्क हवी. पूलला वेगानुसार वर्ग द्या, म्हणजे लन मागणाऱ्याला ॲरेचं मॉडेल माहीत असण्याची गरज राहत नाही.

आता अलर्ट. बरेच जण ९० टक्क्यांवर एकच अलर्ट लावतात, तो उशिराचा ठरतो. पहिला अलर्ट ७० टक्क्यांवर धरून हिशेब असा करा: ३६ टीबीचा पूल ७० टक्के भरला म्हणजे २५.२ टीबी. रोज १५० जीबी वाढ असेल, तर ८५ टक्के, म्हणजे ३०.६ टीबी गाठायला ३६ दिवस. नवीन डिस्क मागवून, येऊन, बसवायला तुमच्याकडे किती दिवस लागतात? ३६ पुरत नसतील तर पहिला अलर्ट ६० टक्क्यांवर आणा. शिवाय रोजची वाढ दर महिन्याला नव्याने मोजा. बॅकअपचं एखादं नवं काम सुरू झालं की ती दुप्पटही होते.

जागा भरण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं निघतात. पहिलं, विसरलेले स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणाची डेटाची गोठवलेली स्थिती. स्नॅपशॉट घेताना जागा लागत नाही, पण मूळ डेटा बदलत गेला की जुने ब्लॉक त्याच्या नावावर अडकून राहतात. दुसरं, फाइल पुसूनही जागा पूलकडे न परतणं. सर्व्हरने अनमॅप किंवा ट्रिम हा संदेश पाठवल्याशिवाय ॲरेला ती जागा मोकळी झाल्याचं कळतच नाही. लिनक्सवर एफएसट्रिम (हा संदेश पाठवणारी आज्ञा) आठवड्याला चालतंय ना, हे पाहा. मध्ये हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल, तर तोही हा संदेश पुढे पोचवतो का, तेही तपासा.

पूल शंभर टक्के भरला की लिखाण अडतं, व्हर्च्युअल मशीन थांबतात, काही ॲरेवर लन ऑफलाइन जातात. अशा वेळी मशीनमध्ये शिरून फाइली पुसत बसू नका, वरच्याच कारणाने उपयोग होत नाही. आधी नको असलेले स्नॅपशॉट काढा, पण बॅकअप किंवा रेप्लिकेशनचं (दुसऱ्या ॲरेवर प्रत ठेवण्याचं) काम ज्यावर चालू आहे त्याला हात लावू नका. मग एखादा मोठा लन दुसऱ्या पूलवर हलवा. हलवून झाल्यावर जुन्या जागी राहिलेली प्रत काढेपर्यंत पूलमधली जागा मोकळी दिसणार नाही.