पुणे–कोल्हापूर प्रवासात सार्वजनिक चार्जिंग कसे करावे

पुण्याहून कोल्हापूरला विजेच्या गाडीने निघताना सुमारे २३० किलोमीटरचे अंतर आणि वाटेतला खंबाटकी घाट लक्षात घेऊन चार्जिंगचे एक नव्हे, तर दोन थांबे आदल्या रात्रीच ठरवावेत. चार्जिंग ॲपच्या नकाशावर केंद्र चालू दिसले तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्या दिवशी तिथे कुणाची गाडी चार्ज झाली आहे का, हे पाहावे. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरावेत, कारण भर उन्हात ओटीपीची वाट पाहत उभे राहणे फार मनस्तापाचे असते.

साताऱ्याजवळच्या एका केंद्रावर माझे चार्जिंग दोनदा सुरू होऊन लगेच बंद पडले. सीसीएस-२ या जलद चार्जिंगच्या जोडणीची जाड केबल स्वतःच्या वजनाने प्लग खाली ओढत होती; तो तळहाताने किंचित वर उचलून, ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबून धरल्यावर पडद्यावरचे आकडे हलू लागले. यंत्र बिघडले असे समजून पुढे निघण्यापूर्वी एवढे अवश्य करून पाहावे.

बॅटरी ८० टक्के भरल्यानंतर डीसी, म्हणजे जलद चार्जिंगचा वेग बराच उतरतो, म्हणून मागे कुणी ताटकळत असेल तर तेवढ्यावर गाडी काढून जागा मोकळी करावी. ही साधी माणुसकी आहे.