जवानाला पार्सल पाठवताय? आधी पिन, मग फराळ

सीमेवरच्या जवानाला पाठवलेलं पार्सल अडकतं किंवा परत येतं तेव्हा घोळ बहुतेक वेळा पत्त्यात असतो. फराळ तळायला घेण्याआधी मुलाला, भावाला किंवा नवऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. पिनसकट पूर्ण पत्ता, पुढच्या दीड महिन्यात रजा आहे का, आणि युनिट हलणार तर नाही ना. तिसऱ्याचं उत्तर तो फोनवर देणार नाही आणि देऊही नये. पण "आत्ता पाठवू का?" एवढं विचारलं तर हो-नाही नक्की सांगेल.

पत्ता कसा लिहायचा

अनेकांना ५६ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हे एखादं ठिकाण वाटतं. तसं ते नाही. जम्मू-काश्मीर, लडाख, पंजाब, राजस्थान अशा उत्तर-पश्चिमेकडच्या युनिटांची डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून जाते आणि तिच्यावर ५६ एपीओ लिहितात. पूर्वेकडची कोलकात्यातून जाते, तिच्यावर ९९ एपीओ. म्हणजे हजारो जवानांच्या पत्त्यावर हेच दोन शब्द असतात. कुठलं पार्सल कुठल्या फील्ड पोस्ट ऑफिसात, म्हणजे युनिटांच्या जवळच्या लष्करी टपाल कार्यालयात जाणार, हे ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन ठरवतो. हा ९ लष्करी डाकेसाठीच राखलेला आहे. पिनचा एक आकडा चुकला की पार्सल भलत्याच तळावर पोहोचतं. म्हणून पिन ऐकून लिहू नका, व्हॉट्सअॅपवर मागवा आणि अक्षर न अक्षर ताडून पाहा.

ओळींचा क्रम असा ठेवा: सेवा क्रमांक, हुद्दा आणि पूर्ण नाव, खाली कंपनी किंवा बॅटरी (तोफखान्यातली तुकडी), त्याखाली युनिटचं नाव, मग 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', शेवटी ठळक पिन. सेवा क्रमांक गाळू नये. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत पाटील आणि जाधव किती निघतील, याचा विचार करा. पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावा, कारण वर्गवारी दिल्लीत किंवा कोलकात्यात होते.

लेह, कुपवाडा, तवांग, जैसलमेर असं कुठलंही गाव पत्त्यात घालायचं नाही. युनिट कुठे आहे हे खोक्यावर जाहीर करायचं नसतं, हे एक कारण. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. गावाचं नाव दिसलं की पार्सल त्या गावच्या नागरी टपाल कार्यालयाकडे वळू शकतं, आणि तिथे ते घ्यायला कोणी येत नाही.

नौदलात असेल तर जहाजाची डाक मुंबई, कोची किंवा विशाखापट्टणमच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत जाते. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यामुळे त्यांच्या पत्त्याची पद्धत वेगळी असू शकते. शेजारच्या फौजीच्या पत्त्यावरून अंदाजाने काही लिहू नका.

कधी पाठवायचं

खासगी कुरियरवाला "हो, पोहोचतं" म्हणाला तरी त्याच्याकडे देऊ नका. एपीओच्या पत्त्यावर डाक पोहोचवणं टपाल खात्याचं आणि लष्करी डाक सेवेचं काम आहे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच मागा.

बेस पोस्ट ऑफिसपर्यंतचा प्रवास झटपट होतो. पुढे फील्ड पोस्ट ऑफिस, युनिटचा डाकिया आणि मग चौकीकडे जाणारी गाडी किंवा हेलिकॉप्टर, असे टप्पे आहेत. हवा बिघडली की हा शेवटचा टप्पा थांबतो. दिवाळीसाठी २५ ते ३० दिवस आधी, राखीसाठी तीन आठवडे आधी पाठवावं. हिवाळ्यात बर्फामुळे श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजी ला खिंड आणि मनालीकडचा रस्ता, दोन्ही बंद होतात आणि लडाखची डाक विमानावर अवलंबून राहते. त्यामुळे संक्रांतीचा तिळगूळ तिकडे पाठवायचा तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टपालात पडलेला बरा.

काय टिकतं, काय नाही

पार्सलमध्ये पदार्थ महिनाभर राहणार आणि वाटेत वीस वेळा आपटणार, हे धरूनच निवड करायची. शंकरपाळी या कसोटीला पहिल्या नंबरने उतरते. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा भुगा होतो, त्याऐवजी भाजक्या पोह्यांचा करावा. चकली सुंदर दिसते, पण पोहोचते तुकड्यांत. तिच्या जागी कडबोळी पाठवा, चव जवळपास तीच आणि जाड असल्यामुळे ती मोडत नाही. चकलीचाच हट्ट असेल तर उभट बरणीत एकावर एक रचा आणि मधल्या फटीत बारीक शेव भरा. हलायला जागाच उरली नाही तर बऱ्याच चकल्या वाचतात.

करंजी, चिरोटे आणि ओल्या नारळाचं काहीही नको. पेढे-बर्फी नको, खव्याला महिनाभराचा प्रवास झेपत नाही. लोणचंही घरीच ठेवा. एक बरणी पाझरली तर आपला खोका जातोच, पोत्यातल्या दुसऱ्यांच्या राख्या आणि पत्रंही तेलात भिजतात.

लाडवांचं गणित तो कुठे आहे त्यावर ठरतं. राजस्थानच्या उन्हाळ्यात बेसनलाडवातलं तूप वितळतं आणि डब्यात एकच गोळा होऊन बसतो. तिकडे पाकातले रव्याचे लाडू पाठवावेत. ईशान्येकडे दमट हवेत गुळाची चिक्की चिकट होते आणि भडंग मऊ पडतं. तिथे प्रत्येक पदार्थ दुहेरी पिशवीत हवा. थंडीत डिंकाचे लाडू उत्तम, फक्त थोडे लहान वळा. कडक गारठ्यात ते दगडासारखे होतात आणि मोठा लाडू फोडता फुटत नाही.

जवान बहुधा ज्याची आठवण काढतात ती असते सुकी चटणी. शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची, पाव-पाव किलो. लंगरच्या, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातल्या रोजच्या डाळ-भाताला तिने चव येते. कांदा-लसूण मसाला, मेतकूटही चालतं.

फराळ खराब होण्याची मुख्य कारणं दोन. पहिलं, कोमट असतानाच डबा बंद करणं. आतल्या वाफेचं पाणी होतं, आधी पदार्थ सादळतो आणि मग बुरशी धरतो. तळलेलं सगळं रात्रभर पातळ कापडाखाली परातीत पसरून ठेवा आणि सकाळी भरा. दुसरं, आधी वापरलेलं तेल. कढईतलं उरलेलं तेल पुन्हा तापवून तळलेली शेव आठ दिवसांत खवट लागू लागते. पार्सलच्या घाण्यासाठी ताजं तेल घ्या.

उंचीवर गेल्यावर

पंधरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५५ ते ६० टक्के असतो. सांगली-साताऱ्यात हवा भरून सील केलेली वेफर्सची पुडी तिथे फुग्यासारखी टम्म होते आणि शिवणीवर फुटते. पिशव्या बंद करण्याआधी हाताने दाबून बहुतेक हवा काढा, पण पूर्ण व्हॅक्यूम करू नका, चिवडा चुरडतो. त्याच कारणाने तेला-क्रीमच्या बाटल्यांची झाकणं पाझरतात. खोबरेल तर २४ अंशांच्या खाली गोठतंच, ते पाठवण्यात अर्थ नाही. व्हॅसलीनची डबी आणि लिप बाम पाठवा, फुटलेल्या ओठांना तेच उपयोगी पडतं.

या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळतं. "उकळतं पाणी घाला, पाच मिनिटं झाका" असल्या पाकिटातलं उपीट तिथे कच्चट राहतं. सातूचं पीठ आधीच भाजलेलं असल्यामुळे ते नुसतं कालवूनही खाता येतं.

साबण, दाढीचं सामान, टूथपेस्ट कॅन्टीनमध्ये मिळतं, त्यावर वजन घालवू नका. औषधंही युनिटच्या डॉक्टरवर सोडा. दिवाळी अंक मात्र एक तरी घाला, तो पलटणभर फिरतो. शिवाय घरच्यांचे छापलेले फोटो आणि मुलांनी काढलेली चित्रं. फोनवर सगळं दिसतं हे खरं, पण पुढच्या चौकीवर नेटवर्क असेलच असं नाही.

पाच किलोचा खोका

डबा एकट्याचा राहत नाही. एका सेक्शनमध्ये, म्हणजे लहान तुकडीत, दहाएक जण असतात, त्यामुळे सहा प्रकार पाव-पाव किलो पाठवण्यापेक्षा चार प्रकार भरपूर पाठवावेत. एक जमणारं माप: शंकरपाळी एक किलो, चिवडा एक किलो, लाडू एक किलो (चाळीस ग्रॅमचे पंचवीस), कडबोळी अर्धा किलो, दोन चटण्या मिळून अर्धा किलो. दिवाळी अंक, व्हॅसलीन, फोटो आणि पॅकिंग धरून पाच-सव्वापाच किलो होतं.

खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा, साधारण ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा घ्या. किराणा दुकानातला जुना, तीन पदरी खोका वाटेत दबतो. लाडू फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरणीत ठेवा आणि झाकणाच्या कडेने टेप फिरवा. काच आणि पत्र्याचे दाबाच्या झाकणाचे डबे टाळा. जड बरण्या तळाशी, चिवडा वर, अंक आणि फोटो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडेला उभे. उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा. बंद खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर अजून बोळे लागतात.

आत सगळ्यांत वर एका कागदावर त्याचा आणि तुमचा पूर्ण पत्ता व मोबाईल नंबर ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर याच कागदावर भिस्त. लांबच्या प्रवासाला मांजरपाटात शिवलेलं पार्सल अजूनही सगळ्यांत भक्कम. त्यावर पत्ता पक्क्या मार्करने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा, नाहीतर पहिल्या पावसात शाई पसरते.

काउंटरवर

खोका पूर्ण चिकटवून नेऊ नका, शिवणंही अर्धवट ठेवा. आत काय आहे ते उघडून दाखवायला सांगू शकतात. टेप आणि सुई-दोरा सोबत न्या. ओळखपत्रही असू द्या.

स्पीड पोस्ट विमानानेही जातं, त्यामुळे पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, लायटर, काडेपेटी, स्प्रे, अत्तर, फटाके यांतलं काही सापडलं तर पार्सल अडतं. दारूचं नावच नको. "भाऊबीजेची ओवाळणी" म्हणून लाडवात नोट लपवणारे असतात. पैसे बँकेतून पाठवा.

पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि पुन्हा दोन अक्षरं असा तेरा जागांचा क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून जवानाला पाठवा, म्हणजे तो युनिटच्या डाकियाकडे चौकशी करू शकतो. ट्रॅकिंग दिल्ली किंवा कोलकात्यापर्यंत व्यवस्थित दिसतं आणि मग दिवसेंदिवस हलत नाही. पार्सल लष्करी डाकेच्या हातात गेलं की असं होतं, लगेच तक्रार करायची गरज नाही. तीन-चार आठवडे काहीच कळलं नाही तर पावती घेऊन बुकिंग केलेल्या कार्यालयात जा.

दरम्यान "तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला लिंकवर पैसे भरा" असा मेसेज आला तर उडवून टाका. फोन करून युनिट कुठे आहे विचारणाऱ्याला काहीही सांगू नका. आणि पत्ता लिहिलेल्या खोक्याचा फोटो फेसबुकवर किंवा स्टेटसला टाकायचा नाही, कितीही अभिमान वाटला तरी.

ओळखीचा जवान नसेल तर

शाळा आणि मंडळं दरवर्षी "कुठल्याही जवानाला" फराळ पाठवू पाहतात. अनोळखी घरचे खाद्यपदार्थ युनिटने स्वीकारावेत ही अपेक्षाच चुकीची आहे, सुरक्षेचा प्रश्न असतो. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारून राख्या आणि मुलांची पत्रं पाठवता येतात का ते बघा. पत्रांवर मुलाचं पहिलं नाव आणि शाळा पुरे, घरचा पत्ता नको. पैशांच्या रूपाने द्यायचं असेल तर ध्वजदिन निधी आहे. ७ डिसेंबरला त्याचं संकलन सुरू होतं.

पार्सल परत आलंच तर उघडण्याआधी लेबलवरचा शेरा वाचा. जवान रजेवर किंवा बदलीवर गेला असेल तर नवा पत्ता मिळेपर्यंत थांबा. पिन चुकला असेल तर दुरुस्त करून पुन्हा पाठवा, पण तोच फराळ नको. चटण्या, अंक आणि फोटो ठेवा, तळलेलं काढून ताजं भरा.