लेकराला घेऊन दिवेआगरला निघताना

पुण्याहून जाताना ताम्हिणी लागतो, म्हणून बॅग घाटापासून भरायला घ्या. उलटीच्या पिशव्या, ओला नॅपकिन आणि कपड्यांचा एक जोड डिकीत नाही, पायाशी ठेवायचा. निघताना दूध नको, कोरडी इडली चालेल. (सासूबाईंचा ‘पेलाभर तरी पाज गं’ हा आग्रह तेवढ्यापुरता ऐकू येत नाही.)

पाण्यात खेळायला सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात आणि किनाऱ्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसरच. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या. टोपी नाडीचीच, नाहीतर वाऱ्याबरोबर गेलीच म्हणून समजा. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर २ तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

वाळूवर माझा उपाय: डबीभर कॉर्नफ्लोअर. पाय कोरडे करून चोळा, मग झटका. मांड्यांच्या घड्यांतलीसुद्धा निघते. महागडी बादली-फावडी कशाला? आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि जुना डाव, पोर तासभर हलत नाही.

ओआरएस, डासांचं मलम, आणि वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेतलेला कागद. मेतकुटाची डबी विसरू नका. खाणावळीत आधी सांगितलं की मऊ भात करून देतात.

भरतीच्या वेळा निघण्यापूर्वीच उतरवून घ्या. त्या रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतात, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका.