‘पुट डाउन’चा अर्थ मला पाठ होता

इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘आउट’ असे छोटे शब्द जोडून होणारे वाक्प्रचार, शिकायला बसलेल्या बहुतेकांकडे असते तशी एक वही माझ्याकडेही होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ‘पुट डाउन’ म्हणजे खाली ठेवणे किंवा लिहून घेणे. स्पर्धा परीक्षांत या वहीने मला गुण मिळवून दिले, हे मी नाकारत नाही. परंतु परीक्षेत चार पर्यायांतून उत्तर ओळखायचे असते. फोनवर पलीकडे माणूस असतो आणि पर्याय कोणी देत नाही.

पुण्यातील एका ग्राहकसेवा केंद्रात मी नवीन होते. ब्रिटनमधून पाळीव प्राण्यांचे खाद्य दरमहा मागवणाऱ्या ग्राहकांचे फोन माझ्याकडे येत. एके दिवशी एका वयस्कर बाईंनी कुत्र्याचे खाद्य बंद करायला सांगितले आणि त्या म्हणाल्या, ‘वी हॅड टु पुट हिम डाउन लास्ट वीक.’ मला ‘पुट डाउन’ तेवढे ऐकू आले, वहीतील ‘लिहून घेणे’ आठवले, आणि मी अत्यंत आदबीने विचारले, ‘व्हिच मंथ शॅल आय पुट हिम डाउन फॉर?’ काही क्षण पलीकडून आवाजच आला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या की तो आता नाही. असाध्य आजारी प्राण्याला पशुवैद्याकडून इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवणे, यालाही इंग्रजीत ‘पुट डाउन’च म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. मी क्षमा मागितली आणि त्यांनी ती दिलीही, पण त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मला तो वाक्प्रचार येत नसता, तर मी ‘पार्डन’ म्हटले असते. तो येतो असे वाटले, म्हणून मी फसले. क्रियापद आणि पुढचा ‘डाउन’ एवढ्याने अर्थ ठरत नाही. तो कर्मावर ठरतो. ‘पुट डाउन’ पिशवीला लागले तर ती खाली ठेवली, नावाला लागले तर ते लिहून घेतले, बंडाला लागले तर ते मोडून काढले, घर घेताना रकमेला लागले तर ती आगाऊ भरली, बाळाला लागले तर त्याला अंथरुणावर झोपवले, आणि चारचौघांत सहकाऱ्याला लागले तर त्याचा पाणउतारा केला. हे सारे सोडून उजव्या रकान्यात एक-दोन मराठी शब्द लिहिणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे, आणि मी ती दोन वर्षे केली.

यात घाबरण्यासारखे मात्र काही नाही, कारण आपण मराठीत हेच दिवसभर करतो. लक्ष ठेवणे, विश्वास ठेवणे, पाळत ठेवणे, चुकीवर बोट ठेवणे यांत ‘ठेवणे’ कुठे सारखे आहे? बाळाचे नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावे ठेवतात. एका मात्रेने बारशाची निंदा होते, तरी कोणताही मराठी माणूस त्यात चुकत नाही, कारण त्याने ‘ठेवणे’ कधी एकटे पाठ केलेलेच नसते.

म्हणून वहीत वाक्प्रचार कर्मासह लिहावा: ‘पुट आउट द फायर’, ‘पुट ऑफ द मीटिंग’, ‘पुट द कॉलर थ्रू’ (फोन करणाऱ्याला हव्या त्या माणसाशी जोडून देणे). तीस दिवसांत पाचशे फ्रेझल व्हर्ब शिकवणाऱ्या वर्गांवर माझा काडीचा विश्वास नाही. एका दिवशी ‘पुट’ची वीस रूपे पाठ केली की आठवड्याने ‘ऑफ’, ‘आउट’ आणि ‘अवे’ यांची खिचडी होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी मला अर्थ सांगायचेच नाकारले होते. ‘कोणाला पुट डाउन केलं, ते आधी सांग,’ एवढेच त्या म्हणत, आणि अर्थ बहुधा माझा मलाच सापडे. शब्दकोशही इंग्रजी-इंग्रजी आणि परभाषिकांसाठी केलेला घ्यावा; त्यात ‘समबडी’ किंवा ‘समथिंग’ असे छापून कर्म माणूस आहे की वस्तू हे दाखवलेले असते आणि त्याची जागाही कळते. ती जागा महत्त्वाची आहे: ‘पुट इट ऑफ’ म्हणावे, ‘पुट ऑफ इट’ कधीही नाही, मात्र ‘पुट अप विथ इट’मध्ये ‘इट’ शेवटीच येते.

आपल्या कार्यालयांतील इंग्रजीवरही डोळे झाकून विसंबू नये. ‘फाइल पुट अप करा’, म्हणजे ती वरिष्ठांपुढे सादर करा, हे आपल्याकडे शिपायालाही कळते, पण ब्रिटनमधील ग्राहकाला ‘पुट अप’ म्हटले की छत्री उघडणे, भिंतीवर पोस्टर लावणे, पाहुण्याला रात्रीपुरते ठेवून घेणे किंवा भाव वाढवणे आठवेल. माझ्या वहीत ‘पुट अप’ला आता पूर्ण पान दिलेले आहे. त्यावर छत्री, पोस्टर, पाहुणा आणि भाव एवढीच चार कर्मे आहेत. चारही मी स्वतः ग्राहकांच्या तोंडून ऐकलेली आहेत, आणि न ऐकलेले पाचवे मी त्यात लिहीत नाही.